पडवळाला बांधलेला दगड

प्रत्येक पुस्तकामागे एक अंतःप्रेरणा असते आणि ती लेखकाच्या आयुष्यात एकदाच येऊन दार ठोठावते, असं मोठी माणसं प्रकाशन समारंभात सांगतात. माझ्या बाबतीत तिने खिडकी ठोठावली, आणि सलग तीन दिवस ठोठावली, कारण वारा होता.

आम्ही कळव्याला सातव्या मजल्यावर राहतो. आमच्या वर फक्त गच्ची. निवृत्त झाल्यावर मी खिडकीशी एक खुर्ची टाकली आणि आयुष्यभर वाचायची राहिलेली जाड पुस्तकं तिच्या शेजारी रचली. एका दुपारी त्यातल्या सर्वात जाड पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात मी पेंगत असताना काचेवर टक्‌ असा आवाज झाला. पाहिलं तर लिंबाएवढा एक काळा दगड सुतळीला लोंबकळत होता. सुतळीचं वरचं टोक एका पडवळाच्या शेंड्याला बांधलेलं होतं, आणि पडवळ गच्चीच्या कठड्यावरून माझ्या खिडकीत डोकावत होतं.

पडवळ मोकळं सोडलं तर वेटोळी घेत वाढतं, म्हणून ते कोवळं असतानाच टोकाला दगड बांधतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पडवळ बाजारात पाहिलेलं होतं आणि नाइलाजाने ताटात. तरीही तक्रार करायचा अधिकार मला होता. छत्तीस वर्षं एका सरकारी कार्यालयात अहवालांची मुद्रितं तपासल्यामुळे मला चुका शोधता येतात असा सोसायटीचा समज होता आणि म्हणून तिने मला सेक्रेटरी केलेलं होतं.

मी गच्चीवर गेलो. तिथे काकी होत्या. काकी आमच्याच मजल्यावर राहतात. इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. आधी इथे भाताचं शेत होतं आणि खाडीच्या बाजूला मिठागर. बिल्डरशी करार झाला तेव्हा त्यांच्या मुलांना फ्लॅट मिळाले आणि काकींना गच्ची. म्हणजे कागदोपत्री गच्ची सोसायटीचीच आहे. पण त्या तिथे ज्या पद्धतीने उभ्या राहतात, ते पाहून कागद काढायचं धाडस होत नाही. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांत माती भरून त्यांनी दुधी, घोसाळी, वांगी आणि पडवळ लावलेलं होतं. मांडवाला पडद्यांच्या जुन्या दांड्या आणि केबलवाल्याने सोडून दिलेली वायर वापरली होती.

"काकी, तुमचं पडवळ माझ्या काचेवर आपटतंय," मी म्हणालो.

"मग काच उघडी ठेवा."

"त्याला दगड कशाला बांधलाय?"

"नाय बांधला तर वाकडं जातं."

"जाऊ दे की वाकडं. चवीत काय फरक पडतो?"

"मास्तर, तुमी एवढी पुस्तकं वाचता. त्यातल्या ओली सरल असतात का वाकड्या?"

मी आयुष्यात कधी मास्तर नव्हतो. पण जो माणूस दिवसा पुस्तक घेऊन बसतो आणि त्याची परीक्षा नसते, तो मास्तरच, असा त्यांचा हिशेब होता.

"सोसायटीच्या नियमाप्रमाणे गच्चीवर..." मी सुरुवात केली.

"मी हितं आदीपासून हाय," काकी म्हणाल्या आणि वांग्याकडे वळल्या.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पार्किंगचा वाद असो, पाण्याची वेळ असो, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस त्यांना नळाविषयी काही सांगू पाहत असो, काकी हे वाक्य टाकत आणि विषय संपत असे. त्यात खोटं काही नसल्यामुळे उत्तरही नव्हतं.

मी खाली येऊन नोटिशीचा मसुदा केला. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गच्चीवर लागवड करणे, तसेच तेथून फळे, दगड अथवा तत्सम लोंबत्या वस्तू सोडणे...' सकाळी टंकून फलकावर लावायची असं ठरवून झोपलो. सकाळी उठलो तर दगड चार बोटं खाली आलेला होता. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. हा खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत पोचतो का, एवढं पाहावं आणि मग नोटीस लावावी असं मी ठरवलं. जाड पुस्तकाचं दुसरं प्रकरण बाजूला पडलं. पुढे काय होणार याची उत्सुकता वाटावी असं त्या खिडकीत एवढंच चाललेलं होतं.

नोटीस लागली नाही. त्याऐवजी सेक्रेटरी या नात्याने मी रोज संध्याकाळी गच्चीची पाहणी करू लागलो. पडवळाची फुलं संध्याकाळी उमलतात. पांढरी, कडांना दोरे सुटल्यासारखी. हे काकींनी दाखवलं. मी एक बादली पाणी वर नेत असे आणि त्या ते पाणी कुठे जास्त पडलं, कुठे कमी, हे सांगत असत. मला झाडांतलं काही कळत नाही यावर आमचं पूर्ण एकमत होतं, आणि मैत्रीला सुरुवातीला तेवढं एकमत पुरतं. दोन वर्षं गेली. कार्यालयातले सहकारी फोन करीनासे झाले होते. बायकोने माझ्याशी वाद घालणं केव्हाच सोडून दिलेलं होतं. रोज अर्धा तास माझ्याशी नेटाने भांडणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते गच्चीवर होतं.

डोंबिवलीत माझे एक जुने परिचित आहेत, छापखान्यातून प्रकाशनाकडे वळलेले. त्यांना मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढायचं होतं. "निसर्ग पाहिजे, मैत्री पाहिजे आणि संस्कार पाहिजेत," ते म्हणाले. "सगळं चोवीस पानांत."

मी पडवळाची आणि दगडाची गोष्ट लिहिली. पडवळाला स्वतःभोवती गुंडाळून घ्यायची हौस, आणि दगड ते करू देत नाही. दोघं भांडतात. पण पडवळ उंचावर भितं, आणि आयुष्यभर जमिनीवर पडून राहिलेल्या दगडाला कशाचीच भीती नसते. पडवळ वाढेल तसा दगड खाली येतो आणि त्याला रोज खिडकीतलं काहीतरी नवीन दिसतं. ते तो वर पडवळाला सांगतो. शेवटी पडवळ सरळ वाढतं आणि दगडाला घराच्या आतलं सगळं जग पाहायला मिळतं. पडवळाचं त्यानंतर काय होतं हे मी लिहिलं नाही. चण्याच्या डाळीचा उल्लेख बालसाहित्यात नको, असं प्रकाशकही म्हणाले.

दगड कोण, हे मला लिहिताना नीट माहीत होतं. दगड कोणाशी गोड बोलत नसे, प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत असे, आणि कोणी काही सांगायला गेलं की म्हणत असे, 'मी इथं आधीपासून आहे.' लिहिताना मला हे फार छान जमलंय असं वाटलं. एखाद्या गोष्टीत काहीतरी चुकलंय याची ती बहुतेक वेळा खूणच असते, पण स्वतःच्या मजकुरात ती दिसत नाही.

चित्रं काढायला डोंबिवलीची एक तरुण मुलगी होती. ती दोन संध्याकाळी गच्चीवर येऊन उलट्या बादलीवर बसली, जेमतेम चार वाक्यं बोलली आणि काकींनी केलेली घोसाळ्याची भजी खात आम्हा दोघांकडे बघत राहिली. पुढे छपाईआधी पानं आली. मी ती चार वेळा तपासली आणि चौदाव्या पानावरचा सुटलेला पूर्णविराम पकडला. त्या रात्री मला समाधानाने झोप लागली.

मग प्रकाशकांनी बेत सांगितला. खोपटला एका शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी प्रकाशन. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रमुख पाहुणे. चौथीतली एक मुलगी सगळं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणार. "आणि त्या गच्चीवरच्या बाई मंचावर पाहिजेत," ते म्हणाले. "आपलं प्रेरणास्थान! शाल, श्रीफळ देऊ." त्यांनी काकींना परस्पर फोनही केला. काकींनी एका दिवसात सगळ्या इमारतीला सांगितलं, आणि कोणतं लुगडं नेसायचं यावर आमच्या दारात उभं राहून बायकोचा सल्ला घेतला.

गुरुवारी पुस्तकाच्या दहा प्रती घरी आल्या. बायकोने एक घेतली. "काही चूक दिसली तर सांग," मी म्हणालो. तिने सावकाश पानं उलटली, मधेच हसली आणि विचारलं, "अहो, हे काकींना दाखवलंत का?"

"नाही. का?"

"सहज," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

ते हसणं ऐकून मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि पहिल्यांदाच ते काकींच्या बाजूने वाचलं. प्रत्येक वाक्य वेगळं ऐकू येऊ लागलं.

इथे तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांविषयी सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी त्यांनी लिफ्टमध्ये एका पाहुण्याला, जमिनी विकून सोन्यात लोळणाऱ्या लोकांवरचा एक विनोद सांगितला. काकी त्याच लिफ्टमध्ये मागे उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या गृहस्थांशी बोलल्याच नाहीत. इमारतीत प्रत्येक घरी गच्चीवरचा दुधी जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एका दाराशी तो कधी थांबलेला नाही. त्यांनी दोनदा माफी मागितली, एकदा मिठाईसकट. मिठाई परत आली.

आणि मी तसाच एक विनोद चोवीस पानांत, रंगीत छापून, चौथीतल्या मुलीकडून माईकवर वाचून घेणार होतो, काकी शाल पांघरून मंचावर बसलेल्या असताना.

शुक्रवारचा दिवस मी प्रकाशकांना दगडाचं ते 'आधीपासून'चं वाक्य वगळता येईल का हे विचारण्यात घालवला. "छापून झालंय हो," ते म्हणाले, "आणि तेच तर वाक्य प्रमुख पाहुण्यांना आवडलंय." पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं हे मला पुढे रविवारी कळलं.

शनिवारी संध्याकाळी मी एक प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून गच्चीवर गेलो. सभागृहात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं, एवढाच माझा विचार होता. दगड, तोच काळा, लिंबाएवढा, त्या मोसमातल्या सर्वात लांब पडवळाला लोंबत होता. त्याला मधोमध नैसर्गिक खाच आहे, तीत सुतळी पक्की बसते.

"काकी, पुस्तक आलंय. उद्याच्या आधी तुम्ही वाचावं असं..."

"बादली आनली नाय?"

"आज पुस्तक आणलंय."

काकींनी हात धुतले, पदराला पुसले आणि खोक्याच्या कडेला टेकल्या. शाळा त्यांनी लवकर सोडलेली. त्या ओळीखाली बोट धरून, मोठ्याने, एकेक शब्द वाचतात. भाजीवाल्याकडची भेंडी मोडून पाहावी तसा प्रत्येक शब्द तपासून. पहिलं पान झालं. दुसरं झालं. मी उभा होतो. सातव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"मी... इथं... आधीपासून... आहे." त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग वर पाहिलं. "हे माझं बोलनं हाय."

मी पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. ती या क्षणी भरून वाहू लागली तर बरं होईल असं वाटलं.

"हो," मी म्हणालो. "काकी, म्हणजे त्याचं असं आहे की..."

"थांबा हो."

त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकाकडे. आणि मग त्या हसायला लागल्या. खोकं डगमगलं, वांग्याचं एक रोप आडवं झालं, तरी त्या हसत होत्या.

"मास्तर! अवो ह्या भुवया बगा! चश्मा बगा, कपालावर!"

मी पुस्तक हातात घेतलं. सातव्या पानावर दगडाचं मोठं चित्र होतं. त्या दगडाला माझ्या जाड भुवया होत्या, मधोमध माझी आठी होती, आणि कपाळावर सरकवून विसरलेला चष्मा होता. पुढच्या पानावर तोच दगड वहीत नोटीस लिहीत होता. अकराव्या पानावर तो नको-नको अशा थाटात बोट नाचवत होता, आणि बोटाच्या नखाजवळ निळ्या शाईचा डागसुद्धा होता. मी ही पानं चार वेळा तपासली होती. छत्तीस वर्षं मी छापलेले कागद पाहिले, पण अक्षरांच्या बाजूला जे असतं ते पाहणं दुसऱ्या टेबलाचं काम होतं.

"आनि ही मी," काकींनी पडवळावर बोट ठेवलं. "बारीक, उंच."

काकींच्या बांध्याविषयी इथे काही लिहायची गरज नाही. मी "अगदी" म्हणालो.

"पन माझं बोलनं तुमच्या तोंडात कसं आलं?" त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. "येनारच! दोन वरसं माझ्यासंगं भांडून तुमी पन तसंच बोलाय लागलात."

"सवय लागली," मी म्हणालो. इतक्या चटकन मी कार्यालयात कधी कशावर सही केली नव्हती.

त्यांनी पुढचं सगळं वाचलं, शेवटपर्यंत, बोट धरून. वाचून झाल्यावर आडवं झालेलं वांगं उभं केलं, त्याच्या बुडाशी माती दाबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आनि दगड मी असते तरी मना राग नसता आला. त्याच्याबिगर ते सरल जालं असतं का?"

त्यांना किती कळलं होतं हे मी विचारलं नाही. एवढंच आठवतं की जिने उतरताना मला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती.

"काय म्हणाल्या?" बायकोने दार उघडत विचारलं.

"तो दगड मी आहे."

"हो. मला गुरुवारीच दिसलं."

"मग सांगितलं का नाहीस? दोन दिवस माझ्या जिवाला..."

"तुम्ही म्हणालात चूक दिसली तर सांग," ती म्हणाली. "त्यात चूक कुठे होती?"

रविवारी आम्ही तिघं रिक्षाने खोपटला निघालो. प्रकाशकांच्या आग्रहामुळे काकींनी ते सर्वात लांब पडवळ दगडासकट कापून घेतलेलं होतं. ते आमच्या तिघांच्या मांडीवरून जाऊन वर बाहेर उरलं. पुलावर रिक्षावाला आरशात पाहून म्हणाला, "ओ काका, बाहेर काय लटकतंय?"

"दगड," काकी म्हणाल्या. "बगून चालव."

समारंभ समारंभासारखा झाला. समई तीनदा विझली. स्वागतगीत स्वागत संपल्यावरही चालू होतं. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नसल्यामुळे त्यांना बोलायला अडचण आली नाही. त्यांनी दगड हे मूकपणे संस्कार करणाऱ्या गुरूचं प्रतीक आहे असं सांगितलं आणि माझ्या भुवयांकडे पाहिलं. चौथीतली मुलगी खणखणीत वाचत होती. ती सातव्या पानावर आली तेव्हा मंचावरून काकींनी "हे माझं!" असं मोठ्याने सांगितलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ शेवटच्या रांगेत होते, तेही टाळ्या वाजवत होते. काकींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एका पुस्तकाकडून किती अपेक्षा ठेवायची यालाही मर्यादा आहे.

शेवटी प्रकाशकांनी दगड पडवळापासून सोडवून लाल मखमलीवर ठेवला, त्याला छोटा हार घातला आणि जाहीर केलं की, ज्यातून ही कलाकृती जन्मली तो हा दगड आमच्या डोंबिवलीच्या कचेरीत काचेच्या पेटीत जतन केला जाईल. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी सवयीने नमस्कार केला. मलाही क्षणभर गहिवरल्यासारखं झालं. पण सकाळपासून फक्त चहा झालेला होता, त्यामुळे खात्री देता येत नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात काकी.

"दगड कुटं हाय?"

"डोंबिवलीला, प्रकाशकांकडे. काचेच्या पेटीत ठेवणार आहेत."

"कशाला? दुसरं पडवल वाकडं चाललंय. बाकीचे दगड सुटतात, त्यालाच खाच हाय. आजच आना."

"काकी, त्यांनी जाहीर केलंय."

"मी हितं आदीपासून हाय," काकी म्हणाल्या.

मी दुपारी डोंबिवलीला जाऊन दगड आणला. तो सध्या दुसऱ्या पडवळाला आहे आणि आज सकाळी माझ्या खिडकीच्या वरच्या चौकटीपासून पाच बोटं खाली होता. डोंबिवलीच्या काचेच्या पेटीत 'प्रेरणाशिला' या पाटीवर जो दगड ठेवलेला आहे, तो प्रकाशकांच्या इमारतीसमोर चाललेल्या गटाराच्या कामावरचा आहे.